प्लास्टिकची टाकी आणि कुंदाची आखाजी

जळगाव,
आखाजी (अक्षय्य तृतीया), १९९४

तीर्थरूप नाना,

पुतण्या चुडामणचा तुम्हाला आणि काकूंना दंडवत. सुरतेला ऊन कसं आहे? तुमचा गुडघा आणि काकूंचा खोकला आता उतरणीला लागले असतील. इकडे आम्ही खुशाल आणि तुम्ही दिलेली मोटारही खुशाल (हे वाक्य सहा वर्षांत पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा दोनदा वाचा). मुख्य बातमी आधीच सांगून टाकतो, दम निघत नाही. आपली कुंदा माहेरी आली! आत्ता ती परसातल्या झोक्यावर बसून आईशी भांडतेय, आणि आई आनंदाने हरतेय.

दोन आखाज्या पोरगी आली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोटारीला नावं ठेवत नाही, तुम्ही मायेने दिली. पण तिचं पाणी थंड ठेवायचं सामान ज्या शहाण्याने प्लास्टिकचं केलं, त्याने खानदेशातला वैशाख बघितलेला नव्हता. पहिल्या वर्षी पारोळ्याच्या अलीकडे रेडिएटरची वरची टाकी उभी चिरली. दुसऱ्या वर्षी पंख्याचं पातं तुटलं. दोन्ही वेळा साक्रीला पोचेपर्यंत अंधार, आणि कुंदाच्या सासूबाई यशोदाबाई यांचा नेम असा की घरात दिवा लागला की सून उंबरा ओलांडत नाही. दुसऱ्या दिवशी तर आखाजीच, घरी पोचेपर्यंत सण संपला असता. (एसटीने का गेला नाहीस, असं तुम्ही विचाराल. कुंदाच्या लग्नात भर मांडवात मीच म्हणून बसलो होतो, माझी बहीण आखाजीला मोटारीतूनच येणार. आता ती जीभ कुठे ठेवू?)

यंदा मात्र महिनाभर आधीच तोताराम मिस्तरीकडे गाडी टाकली. तो म्हणाला, "भाऊ, बठ्ठं प्लास्टिक काढी टाका." पितळी टाकी बसवली, पंखा पत्र्याचा, पाइपाचं कोपरं बिडाचं. फक्त रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायचं एक बोटाएवढं प्लास्टिकचं बूच राहिलं. तोताराम तेही बदलत होता, पण मीच अडवलं. म्हटलं, याने कधी त्रास दिलेला नाही, गरिबाला कशाला काढता!

तो गरीब नेरच्या पुढे गेला. धुळ्यापर्यंत इंजिन तापल्याचा काटा जागचा हलला नव्हता, मी तर शीळ घालत होतो. एकदम वाफ! खाली वाकून बघतो तर पाण्याचा टिपूस नाही आणि बुचाच्या जागी भोक. घड्याळात पाच. कुंदा पिशवी भरून बसली असेल या विचाराने, नाना, खरं सांगतो, मला रडू आलं. मग बाभळीची काडी चाकूने तासली, तिला धोतराची चिंधी गुंडाळली (धोतर नवं होतं, आईला सांगू नका) आणि दगडाने ठोकून बसवली. गाडी निवेपर्यंत थांबलो आणि शेजारच्या मळ्यातून बादलीने पाणी आणून भरलं.

साक्रीला शिरलो तेव्हा सगळ्या आळीत दिवे लागले होते. पण यशोदाबाईंच्या घरात अंधार. त्या उंबऱ्यावर बसलेल्या, हातात काडेपेटी. मला बघून म्हणाल्या, "मी आजून दिवा लावा नही. पटकन निंघा." कुंदा गाडीत बसली, मी पाया पडलो, आणि गाडी सुरू होताना मागे त्यांनी काडी ओढली. बाभळीच्या काडीने जळगावपर्यंत साथ दिली. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
चुडामण

ता. क. आईच्या पापडांचा डबा पार्सलने पाठवला आहे. वरचे फुटले असतील, खालचे बघा.

ता. क. २. आता जे लिहायचं म्हणून पत्राला बसलो, ते लिहितो. ती दोन वर्षं मी साक्रीला पोचलोच नव्हतो. दोन्ही वेळा मिस्तरी शोधण्यात दिवस गेला, लाज वाटली, आणि धुळ्याहूनच माघारी फिरलो. घरी सांगितलं, सासूने पाठवलं नाही. ते खरं मानून तुम्ही अमळनेरच्या लग्नात त्या माउलीला चारचौघांत नको ते बोललात. काल कुंदाने वाटेत सांगितलं, सासूबाईंना सगळं माहीत होतं, पण व्याह्यांच्या पोराची शोभा नको म्हणून त्या बोलल्या नाहीत. नाना, त्यांना दोन ओळी लिहा. माझं नाव घालून लिहा.