पांगुळगाड्याची चाकं

पोरी,

हे पत्र तुला पाठवणार नाही.

तुझ्या लेकीचा पांगुळगाडा काल पुरा झाला, चाकांसकट. सुताराची नात आहे, तिच्या हाताला काही टोचायला नको म्हणून कडा घासघासून गुळगुळीत केल्या. मग तुम्ही मंगळावरून कधी येणार, हे विचारायला वसाहतीच्या ऑफिसात गेलो. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, तिकडे माणसाचं वजन फार कमी भरतं. तिथं जन्मलेल्या बाळाची हाडं नाजूकच राहतात. इथं तिला उभंसुद्धा राहता येणार नाही. तुमच्या मुलीला हे बाळंतपणाआधीच सांगितलंय."

म्हणजे तुला माहीत होतं. तरी दर निरोपात तुझं आपलं, "ती पाऊल टाकायच्या आत येतो, बाबा." आधी डोकंच फिरलं माझं. मग कळलं, एवढ्या लांबून तू मला सांभाळतेयस.

आज तुझा निरोप आला, "गाडा झाला का हो?"

मी कळवलं, "चाकं बसवायची राहिलीत गं. सावकाश या."

तुझ्याशी खोटं बोलवेना. म्हणून आधी चाकं काढली, मगच उत्तर पाठवलं.

तुझा हट्टी,
बाबा