गावात मोठा आला

कुरखेड्याजवळचा टोला,
१२ एप्रिल

ती. धम्मदीपदादास,
माधवीचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनले टॉवर नाई, म्हणून ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली. दादा, गावात मोठा आला. लालसूकाकाने तळ्याच्या पाळीवर पाह्यला. तेव्हापासून मी तळ्यावर पाण्याले जात नाई.

सरपंचबाई म्हणते, शाळेच्या स्लॅबवर राहा. पण आईले खाट सोडवत नाई, तिले वर कशी नेऊ? मोहफुलंबी अंगणात वाळून राह्यले. घरात राहू का जाऊ? तू म्हणशील तसं करीन.

आईचा आशीर्वाद. उत्तर लवकर धाडजो.
तुही माधवी

ऊर्जानगर,
१४ एप्रिल

चि. माधवीस मंगल आशीर्वाद.

जयंतीच्या गडबडीत लिहून राह्यलो. वेडाबाई, वाघाले भिऊन स्लॅबवर काऊन चढता? वयात आलेले वाघ आईपासून सुटले की नवा मुलूख शोधत आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीतबी येते. आमचा नियम एकच, दार लावायचं, बाहेर निघायचं नाई. आईले घरातच ठेव. मोहफुलंबी आत घे, म्हणजे अंगणात जाणं नको. शेजाऱ्यांनाबी वाचून दाखव.

रविवारी येतो. भिऊ नको, आईले जप.
तुहा दादा

टोला,
१७ एप्रिल

ती. दादास जयभीम.

मोठा म्हणजे वाघ नाई रे, हत्ती! ओडिशाकडून छत्तीसगड ओलांडून कळप आला. आपल्या बापजाद्यांनी इथी हत्ती पाह्यला नाई. जंगलात जनावराचं नाव घ्यायचं नाई, म्हणून मी मोठा लिहिलं. तुले वाघ वाटला. चूक माही आहे.

तुह्यं पत्र मी टोल्यातल्या साऱ्या घरांत वाचलं. सगळ्यांनी मोहफुलं घरात भरली. काल दुपारी जंगलखात्याचा नाकेदार ओरडत आला, मोहाच्या वासाने हत्ती भिंती फोडते, घरं सोडा. मी आईले पाठीवर घेऊन पळाली. मागं आपली भिंत पडली, मी वळून पाह्यलं नाई. आई वाचली, दादा. शेजारचा इस्तारीबुढा तुह्या पत्रातलं खुणेने समजून आतून कडी लावून बसला होता. त्याले ऐकू येत नाई, नाकेदाराची हाक पोचलीच नाई. तो गेला.

त्याची सून कमळा विचारून राह्यली, धम्मदीपभाऊ रविवारी येते ना? मी तुले येऊ नको, असंच लिहायले बसली होती. पण आई म्हणते, त्याले ये म्हण. म्हणून ये, पण आधी कमळाच्या दारात उभा राह्य, मग माह्याकडं ये.

लोभ तुटू देऊ नको.
माधवी