खुर्चीतल्या म्हाताऱ्याची बातमी फुटू नये म्हणून

ती. वेणूआत्यास,

दिग्विजयचा वारज्याहून साष्टांग नमस्कार (अगदी खरा, टेबलाखाली पालथा पडूनच लिहितोय). तुझे गुडघे काय म्हणतात? फोनच केला असता, पण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं की तात्यांनाही ऐकू जातं, आणि सध्या तेच परवडणारं नाही. आत्या, मी फार घाबरलोय.

तुला ठाऊकच आहे, ऑफिस सुटल्यावर मी दार लावून कम्प्युटरवर एक गेम बनवत होतो. विकायला नव्हे. विकायचा नाही तर करतोस कशाला, असं तात्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, आवडतं म्हणून. त्यावर त्यांनी असं पाहिलं, जणू मी गच्चीवर उंट पाळलाय. गेम साधा आहे. अंधारा पॅसेज, टोकाला चपला, वाटेत एक डुगडुगणारी फरशी आणि खुर्चीत एक म्हातारा. त्याला चुकवून घराबाहेर पडायचं. चाहूल लागली की तो खाकरतो, आणि आपण परत खोलीत. बाहेर निघालेल्याला ‘कुठे’ विचारू नये म्हणून तुझे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, जन्मभर नुसते खाकरत आलेत, हे तुला मी काय सांगणार! गेममधलं खाकरणं अस्सल त्यांचंच आहे (चपलांच्या कपाटात माइक ठेवला होता). गेम इंटरनेटवर फुकट टाकला, तर नागपूरच्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, की तो आवाज ऐकून जेवण गेलं नाही. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

तर रविवारी मी आंघोळीला गेलो आणि दार उघडं राहिलं. परत येऊन बघतो तर माझ्या खुर्चीत तात्या, आणि पडद्यावर तो म्हातारा. मला वाटलं, आता आवाज ओळखणार आणि मला घराबाहेर काढणार (म्हणजे गेम जिंकल्यासारखंच, पण तरी). पण गेममध्ये तात्या लपले नाहीत की भिंतीला चिकटले नाहीत. सरळ म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "याला ‘येतो’ म्हणायचं बटण कुठलं?"

तसं बटणच नाही, आत्या. मला सुचलंच नव्हतं. "न सांगता कसं निघायचं घरातून?" एवढं म्हणून ते उठून गेले. तेव्हापासून एकदाही खाकरलेले नाहीत, आणि मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटते. त्यांनी ओळखलं असेल का? त्यांना लागलं असेल का? विचारायचा धीर होत नाही.

बाकी घरी सगळं क्षेम आहे, काळजी करू नकोस.

तुझा भित्रा भाचा,
दिग्विजय
(बारशाला हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा निम्मी जबाबदारी तुझी.)

ता. क. बटण केलं. पण ‘येतो’ म्हटल्यावर म्हाताऱ्याने म्हणायचं काय? तू आमच्याकडून निघताना तात्या किती मऊ आवाजात ‘बरं, सावकाश जा’ म्हणतात! तो आवाज हवाय. माझ्या वाट्याला तो कधी आला नाही, कारण मी कधी सांगून निघालोच नाही. तेव्हा चार दिवस राहायला ये. आणि मग जा (रागावू नकोस, पण जाणंच महत्त्वाचं आहे).

ता. क. २. पाकीट पुन्हा फोडलंय. पोस्टात टाकायला निघालो होतो. दारात जीव मुठीत धरून म्हणालो, ‘तात्या, येतो.’ पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "बरं, सावकाश जा." अगदी मऊ. मग जरा थांबून, "कपाटातला माइक चालू होता ना?"

नव्हता, आत्या. तू येच.