'शी' लिहायची राहिली

प्रिय दादा,

तुला जाऊन आठ महिने झाले. रडून झालं, आता भांडायचं राहिलंय. आज शेजारची इनास पुन्हा इंग्रजी पत्र लिहून घ्यायला आली आणि माझा संताप उसळला. तिच्यावर नाही, तुझ्यावर. म्हणून लिहायला बसले.

मुंबईत बोटींच्या कंपनीत तू जन्मभर कारकुनी केलीस. निवृत्त होऊन आचऱ्याला आलास आणि अख्ख्या वाडीची इंग्रजी पत्रं आपल्या घरापुढच्या खळ्यात लिहिली जाऊ लागली. मी मराठी शाळेतली बाई, मलाही हौस. मी खर्डा करायचे, तू हात पुढे करून म्हणायचास, "दी हंयसर." तुझं पेन सरसर चालायचं, माझा खर्डा तुझ्याकडेच राहायचा आणि पक्कं पत्र तेवढं बाहेर यायचं. माझं काय चुकलं, असं एकदा विचारलं, तर म्हणालास, "तुका कित्याक व्हया ता? मी आसंय मां."

आता कुठे आहेस?

तू गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. उन्हाळ्यात इनास आली. तिची सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, नवरा सावियो बोटीवर कुक. म्हातारीचा एकुलता एक मुलगा तो, आणि कराराचे तीन महिने बाकी. "नंदाबाय, कंपनीक एक मेल लिवन दी गो. म्हातारी सारखी त्येचा नाव घेता."

मी लिहिलं: 'माय मदर-इन-लॉ इज व्हेरी इल, माय हजबंड इज हर ओन्ली सन, कॅनॉट गेट अप फ्रॉम बेड, प्लीज सेंड होम.' मोबाईलने एकाही शब्दाखाली लाल रेघ मारली नाही. मला वाटलं, जमलं. इनासच्या नावाने पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या पतीच्या आजाराबद्दल वाईट वाटलं, म्हणे. त्यांना कामातून विश्रांती दिली आहे, पुढच्या बंदरात डॉक्टर तपासतील. त्याच संध्याकाळी सावियोचा फोन. "अगो, माका केबिनीत बसवल्यानी. माका काय झाला?"

अंथरुणावरून कोण उठू शकत नाही, हे मी लिहिलंच नव्हतं. मराठीत 'उठता येत नाही' म्हटलं की घरातल्याला कळतं. त्या परक्या माणसाने कुठून ओळखावं? मी खुलासा पाठवला, तोही घाबरून, तसाच स्वल्पविरामांनी जोडलेला. त्याने गोंधळ वाढलाच. बंदरातल्या डॉक्टरचा दाखला येईपर्यंत रजेचं कुणी बोलेना. नऊ दिवस गेले.

मग मी तुझं कपाट उघडलं. माझे जुने खर्डे तू एका दोऱ्यात बांधून ठेवले होतेस. एक अख्खी दुपार ते घेऊन बसले. दादा, बारा वर्षं मी त्याच तीन चुका करत होते! पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवायचं. कर्ता गाळायचा. 'बिकॉज'ने सुरुवात करून कारण सांगायचं आणि तिथेच पूर्णविराम द्यायचा, ते वाक्य अर्धवट लटकत. प्रत्येक कागदावर तू त्याच जागी तीच दुरुस्ती केली होतीस. बारा वर्षांत एकदाही बोलला नाहीस. पाच मिनिटांचं काम होतं रे.

तिथेच बसून मी नवीन पत्र केलं. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून मोठ्याने विचारलं, कोण? 'शी कॅनॉट गेट अप फ्रॉम बेड. माय हजबंड इज वेल. प्लीज सेंड हिम होम.' दोन दिवसांत रजा मंजूर झाली.

सावियो आला तेव्हा म्हातारी जिवंत होती, पण तिची वाचा गेली होती. त्या नऊ दिवसांत ती बोलत होती. "सावियो खंय आसा?" एवढंच विचारायची, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो आल्यावर तिने नुसता त्याचा हात धरून ठेवला. चार दिवसांनी गेली.

इनास मला एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, "तुजो काय दोष गो? तू लिवलंस तरी." ते जास्त लागलं.

सगळ्यांनी तुझ्याच खळ्यात यावं, हे तुला आवडायचं ना? मला आता कळतं, कारण मलाही ते आवडू लागलं होतं.

आज तिला सावियोची रजा वाढवून मागायची होती. मी पेन तिच्या हातात दिलं. "माका जमाचा नाय," म्हणून ती फुगून बसली. कामापुरतं इंग्रजी तिला येतं, शाळेत शिकलीय. तासभर लागला. दोनदा माझा हात तिच्या कागदाकडे गेला, दोनदा मी तो मागे घेतला. नुसतं बोट ठेवून विचारायचे, "हंयसर कोण?" ती कपाळाला आठ्या घालायची आणि शब्द शोधून भरायची. एका जागी स्वल्पविराम खोडून तिने आपणहून पूर्णविराम दिला, तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझा राग गेलेला नाही, आणि तो इतक्यात जाईल असं वाटतही नाही. पण एक शब्द देते: यापुढे खळ्यात जो येईल त्याला मी शेजारी बसवीन, चूक कुठे आहे ते दाखवीन, आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेणार नाही.

तुझ्याशी भांडणारी,
नंदा