घुम्या सुळक्यावरची मोकळी जागा

मी, पूर्णिमा आकाराम सरनोबत, वय अडुसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला माणसं येऊन गेली, नाही असं नाही. त्यांना चहा पाजून जिन्यापर्यंत पोचवून आले. शुद्धीबद्दल डॉ. यज्ञेश्वर टेंबे यांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, गुडघे कामातून गेले आहेत, पण डोकं शाबूत आहे आणि तीच काही लोकांची अडचण आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. नात्यात थोरला भाऊ उदयसिंह आणि त्याचा मुलगा धैर्यशील, एवढेच. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी.

कलम १. राजारामपुरीतला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट क्रांती गुंडू पोवार हिला द्यावा. ही माझी विद्यार्थिनी. शाळेत भूगोलात काठावर पास झाली, पण आज दर रविवारी मुलींना कातळावर चढायला शिकवते. हिच्याशी माझं रक्ताचं नातं नाही, यावर बोट ठेवलं जाईल. ठेवू द्या. फ्लॅटमधलं पाणी सकाळी एकदाच येतं आणि खालच्या क्लासच्या पोरांच्या गाड्या जिन्यात लागतात, हे तिने आधीच समजून घ्यावं.

कलम २. बँकेतल्या ठेवींतून दवाखान्याची आणि अंत्यविधीची बिलं भागवावीत. तेराव्याला जेवणावळ घालू नये. ज्यांना माझ्या घरी जेवायचं होतं ते जिवंतपणी जेवून गेले. उरलेल्या रकमेतून माझा इतिहास छापावा. त्याविषयी कलम ५ पाहावं.

कलम ३. शिरोळच्या शेतीतला माझा हिस्सा. हक्कसोडपत्रावर सही करावी म्हणून मला तीन वेळा तहसीलला बोलावलं गेलं. एकदा तर भाऊबीजेच्याच दिवशी कागद ताटाशेजारी ठेवला होता. मी लाडू खाल्ला, कागद तसाच परत पाठवला. तो हिस्सा अजून माझाच आहे. त्यातल्या उसाच्या उत्पन्नातून दरवर्षी चढाईचा एक चांगला दोर घ्यावा आणि ज्या कोणाला चढायचं आहे त्याला तो वापरायला द्यावा. त्या दोरावर कोणाचंही नाव घालू नये. देणगीदार म्हणून माझंही नको. पुराने ऊस कुजला त्या वर्षी नवा दोर मिळणार नाही; म्हणून जुन्या झिजलेल्या दोरावर कोणी शहाणपणा करू नये.

कलम ४. माझा हातोडा आणि पोतडीतल्या मेखा क्रांतीकडच्या मुलींना द्याव्यात. या मेखा केरबा लोहाराने ट्रकच्या पाट्यांतून घडवल्या होत्या. बाजारच्या मेखांपेक्षा जड आहेत, पण कातळात एकदा बसल्या की हलत नाहीत. एक मात्र निघाली होती, तिची हकिकत पुढे येईल.

कलम ५. आता मुख्य मुद्दा.

गेली चाळीस वर्षं मी कोल्हापूर आणि आसपासच्या सुळक्यांवरच्या, कड्यांवरच्या पहिल्या चढायांचा इतिहास लिहीत आले. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. झालं असं की आमच्या तरुणपणी गावात नायलॉनचा दोर एकच होता आणि तो उदयसिंहचा होता. उत्तरेतला गिर्यारोहणाचा कोर्स करून येताना त्याने आणला होता. त्यामुळे एक रीतच पडून गेली: दोर ज्याचा, चढाई त्याची. वर कोणीही जावो, पेपरात आणि आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या दप्तरात नाव लागायचं दोराच्या मालकाचं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. बैल ज्याचा, शर्यतही त्याचीच म्हणतात ना, तसंच.

मला वावगं वाटलं. मी एकेकाच्या घरी जाऊन विचारायला लागले. तेव्हा मी एक नियम केला आणि तो आजतागायत मोडलेला नाही: कोण चढलं, हे खाली दोर धरणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं. चढणाऱ्याला विचारायचं नाही. चढणारा खोटंच बोलतो असं माझं म्हणणं नाही. पण दुसऱ्या टोकाला ज्याच्या हातात तो जीव असतो, त्याने सांगितलेलं मला खरं वाटतं.

या नियमाने उदयसिंहच्या नावावरच्या सात सुळक्यांतले तीन त्याच्याकडे राहिले. तीनही चढाया अव्वल होत्या आणि तसंच मी लिहिलं आहे. एका शब्दाची कंजुषी केलेली नाही. तीन आमच्याबरोबर चढणाऱ्या ज्ञानूकडे गेले, कारण ते ज्ञानूचेच होते. ज्ञानू तेव्हा गवंडीकाम करत होता. नोंद वाचून दाखवली तेव्हा म्हणाला, "बाई, आता ह्याचं काय लोणचं घालू?" पण कागद मागून घेतला आणि नातवाला वाचायला दिला.

सातवा सुळका घुम्या. गगनबावड्याच्या खालच्या अंगाला आहे. हाक मारली तरी साद देत नाही, म्हणून तिथले लोक त्याला घुम्या म्हणतात. माझ्या इतिहासात घुम्याच्या नोंदीत सन आहे, वाट आहे, वापरलेल्या मेखा आहेत. चढणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी आहे.

ती मोकळी आहे कारण घुम्यावर पहिल्यांदा मी चढले. आणि माझा दोर धरणारा उदयसिंह हे सांगत नाही.

माझा नियम माझ्यासाठी वाकवावा, असं क्रांतीनेसुद्धा सुचवून पाहिलं. "बाई, सगळ्यांचं खरं लिवलासा आणि स्वतःचंच ठेवलासा व्हय?" मी तिला सांगितलं की आज मी माझ्यासाठी नियम मोडला, तर उद्या ज्ञानूच्या नोंदीवर कोणी विश्वास का ठेवावा? तिला पटलं नाही. पटलं नाही तरी पाळावं लागेल.

कलम ६. घुम्याची हकिकत मृत्युपत्रात लिहायची नसते, असं वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं. मृत्युपत्र माझं आहे.

सन १९७९, डिसेंबर. मी बावीस वर्षांची. आमचे वडील, आबा, यांनी मला पाठवलं ते एकाच अटीवर, की मी खाली राहून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. चौघंजण होतो, ज्ञानू आणि केरबा गावात तापाने पडून राहिले. सुळक्याशी आम्ही दोघंच बहीणभाऊ होतो. दादा अर्ध्यापर्यंत गेला. तिथे कातळ पोटासारखा बाहेर आला आहे. त्याच्या पायात गोळे आले, तो उतरला, बसला आणि मला म्हणाला, "पूने, तू जातीस?"

मी गेले. कातळाच्या त्या पोटाखाली मेख ठोकली, तिच्यावर भार दिला आणि ती निघाली. मी सुटले. उदयसिंहने दोर कमरेभोवती घेऊन उघड्या हातांनी धरला होता. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला, कातडी जळाली, पण त्याने सोडला नाही. मी लोंबकळत ओरडले, "दादा, खाली घे." तो खालून ओरडला, "धरलंय की! धरलंय तुला! जा वर!" म्हणून मी वर गेले. माथ्यावर बसायला घोंगडीएवढीही जागा नाही. मी दगडावर दगड रचला आणि पोटभर रडले.

घरी आलो तर आबांनी दारातच विचारलं, "पोरगी खालीच हुती न्हवं?" दादाने भाजलेले हात पाठीमागे घेतले. म्हणाला, "व्हय आबा. भात शिजवत हुती." त्याने ते माझ्यासाठी सांगितलं. खरं कळतं तर माझं कॉलेज दुसऱ्याच दिवशी बंद झालं असतं. मलाही त्या दिवशी बरंच वाटलं. पण चौथ्या दिवशी पेपरात त्याचं नाव आलं, शिरोळात हलगी लावून ट्रॅक्टरवरून त्याची मिरवणूक निघाली, आणि घराच्या दारात त्याला ओवाळायला मला उभं केलं. मी ओवाळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

आबा वारल्यावर मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "दादा, आता कोणाची भीती आहे? सांग." त्याने दोन्ही तळवे पुढे केले. "पूने, वीस वर्सं लोकांनी हे हात बघितल्यात. सत्कारात माइकवरनं दाखवल्यात. आता त्यास्नी काय सांगू?" तेव्हापासून भाऊबीजेला तो येतो, ओवाळून घेतो, ताटात ओवाळणी टाकतो आणि न बोलता जातो. एक वर्षही चुकलेला नाही. मला त्याचा राग येतो आणि त्या दिवशी सकाळपासून मी जिन्याकडे कान लावून बसते, दोन्ही खरं आहे.

कलम ७. माझा भाचा धैर्यशील हा सध्या आमच्या गिर्यारोहण संस्थेचा अध्यक्ष आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्याने घुम्याविषयीची माझी नोंद मला न विचारता घेतली आणि मोकळ्या जागेत वडिलांचं नाव छापलं. आता घुम्याच्या पायथ्याला ग्रॅनाइटची पाटी बसवायची म्हणतो. माझ्या घरी येऊन म्हणाला, "आत्या, तिथं कुणाचं तरी नाव पायजे की!"

"पाहिजे ना. पण कुणाचं तरी नको."

"मग पप्पांच्या हाताकडं बघ की जरा!"

मी ते हात त्याच्या जन्माआधीपासून पाहते आहे. चढणाऱ्याची बोटांची टोकं सोलतात. तळवे भाजतात ते दोर धरणाऱ्याचे. पन्नास वर्षं चाललेल्या संस्थेच्या अध्यक्षाला हे समजू नये, याला काय म्हणावं?

सबब धैर्यशील यास मी काथ्याचा एक दोर ठेवून जात आहे. माळ्यावर निळ्या पिशवीत आहे. तो त्याने शेतातल्या आंब्याच्या फांदीवरून टाकावा, एका टोकाला गव्हाचं पोतं बांधावं, दुसरं टोक उघड्या हातांनी धरावं आणि गड्याला पोतं ढकलायला सांगावं. मग आपला हात कुठे सोलला ते पाहून पाटीवर काय कोरायचं ते ठरवावं. त्याच्याविषयी माझ्या मनात याहून जास्त राग नाही. लहानपणी त्याला पोहायला मीच शिकवलं.

कलम ८. इतिहास छापताना घुम्याच्या नोंदीतली जागा मोकळीच छापावी. प्रेमापोटी, कीव येऊन, किंवा बाई आता गेल्या म्हणून तिथे कोणीही माझं नाव भरू नये. ते नाव भरण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे. त्याने सांगितलं तर भरावं. न सांगता तोही गेला, तर ती जागा कायमची तशीच राहावी. ती पाहून वाचणाऱ्याने विचारावं की इथे कोण होतं, आणि त्याला कोणी उत्तर देऊ नये.

कलम ९. उदयसिंह यास मी काहीही देत नाही. त्याचा तो जुना नायलॉनचा दोर माझ्या कपाटात आहे, तो त्याला परत करावा. पण तो त्याचाच आहे, त्यामुळे देणं धरू नये.

सख्ख्या भावाला रिकामं का ठेवलं, ते सांगते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. मला साक्षीदार म्हणून तोच पाहिजे. साक्षीदार दोन लागतात. पहिले डॉ. टेंबे. दुसरा उदयसिंह. तिसरा कोणी तयार ठेवा, असा वकीलसाहेबांचा आग्रह होता. ठेवलेला नाही.

तो आला नाही, तर हे मृत्युपत्र अपुरं राहील. मग कायद्याने फ्लॅट, शेतीचा हिस्सा, ठेवी आणि इतिहासाचे कागदसुद्धा वारस म्हणून त्यालाच जातील. हे त्याला ठाऊक आहे; मीच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघू." वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, सगळं त्याच्या हातात देताय." मी म्हटलं, एकदा त्याच्या हातातल्या दोरावर जीव टाकला आहे, त्यापुढे हे घर आणि शेत काय आहे? त्याने सहीसोबत काय लिहावं, ते मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. नुसती सही करून गेला तरी क्रांतीला घर मिळेल आणि मुलींना दोर मिळतील. तेवढ्यावर मी समाधान मानेन, असं मात्र कोणी समजू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रांती गुंडू पोवार हिने करावी. ती कोणाच्या बापाला भिणारी नाही.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, टाइप झाल्यावर स्वतः वाचला आणि वकीलसाहेबांनी गाळलेली तीन वाक्यं पुन्हा घालून घेतली. आता सही करते.

(सही) पूर्णिमा आकाराम सरनोबत

ठिकाण: राजारामपुरी, कोल्हापूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६

साक्षीदार १.
पूर्णिमाबाईंनी माझ्यासमक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब वाढलेला आहे.
(सही) डॉ. यज्ञेश्वर टेंबे

साक्षीदार २. (हस्ताक्षरात)
माझ्यासमोर सही केली. घुम्याला दोर मी धरला होता. वर पूर्णिमा गेली. वकीलसाहेब म्हणत्यात असलं इथं लिहायचं नसतं. लिहिलंय.
(सही) उदयसिंह आकाराम सरनोबत, वय ७४, राहणार शिरोळ