नाव जाऊन राहिलं

११ नोव्हेंबर, सोमवार
श्यामनं अकोल्यातलं दुकान बंद केलं. मले सांगितलंबी नाई. ज्यांच्या साइटी त्यानं बनवल्या, त्या साऱ्यांची इंटरनेटवरची नावं कोण्या परक्या कंपनीले देऊन मोकळा झाला. त्यात माझ्या वधू-वर मंडळाचं केशरजोडणी डॉट कॉमबी हाये. फोन केला तर म्हणे, काकू, काईच बदलत नाई, फक्त सांभाळणारा बदलते. म्हटलं, नाव देऊन राहिला का पोरगी?

१२ नोव्हेंबर
बडनेऱ्याच्या रागिणीकडे गेली. तिचं हेच काम हाये, साइटींचं. आधी हसली, मावशी उगाच घाबरता म्हणे. मंग मी सांगितलं— पोरींचे फोटो, मोबाइल नंबर, बापाचा पत्ता, सारं त्याच नावाच्या मेलवर येते. बाप माझ्या भरोशावर पाठवते. नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तर मेलबी त्याच्याच हाती. तो माणूस कोण, कसा? रागिणीचं हसणं थांबलं.

तिनं श्यामले फोन लावला. तो म्हणे, आता माझ्या हाती नाई, मालकच थांबवू शकते. मालकाले मेल गेला हाये, त्यात ‘नाई’चं बटन हाये. शुक्रवारपर्यंत दाबलं नाई तर नाव गेलं.

मी म्हटलं, उत्तर आलं नाई तर ‘नाई’च समजाले पायजे ना?

“नाई मावशी. गप्प रायलं म्हणजे हो.”

अन् मालक कोण? माझी पोरगी संध्या! साइट बनवली तवा कॉलेजात होती. फॉर्म तिनंच भरला, मेल तिचाच टाकला.

१३ नोव्हेंबर
सकाळपासून संध्याले फोन. दर वेळी जावई उचलते. तिचा फोन माझ्याजवळच रायते, म्हणे अश्विन. तिले काय काम फोनचं! इतक्या सहज बोलला! हे स्थळ मीच पाहिलं. नोकरी पाहिली, घर पाहिलं.



१४ नोव्हेंबर
यष्टीनं अकोल्याले संध्याच्या सासरी गेली. संध्या पार वाळली. सासू समोरून हलेना. चहाच्या निमित्तानं मी संध्याच्या मागं आत गेली अन् गॅसपाशी हळूच सारं सांगितलं. मेल उघड, ‘नाई’ दाब, उद्यापर्यंत. ती आलं ठेचत रायली. समजलं का, म्हटलं. तरी गप्प. मनगटावर काळंनिळं होतं. मी पाहिलं तर बाही खाली ओढली.

पाहाले आले होते तवाबी अशीच उभी होती. पसंती हाये, असं मीच सांगून टाकलं होतं.



१५ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याचा फोन नाई. तिवशाच्या एका बापाचा आला, पोरीचा फोटो पाठवू का म्हणे. म्हटलं, पाठवू नका. काहून? म्हटलं, नका पाठवू बस. त्याले राग आला. येऊ दे.

१६ नोव्हेंबर
नाव रायलं. संध्यानं शेजारणीच्या फोनवरून मेल उघडला अन् ‘नाई’ दाबलं. हे तिनंच सांगितलं— माझ्या दारात उभी राहून, हातात बॅग.

“आई, तिकडंबी नाई म्हणून आली.”