उजवीकडून दुसरे

१० डिसेंबर ७८, रविवार
पुतळा आला. चौकातल्या ओट्यावर बसवून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलाय. शनिवारी विजय दिन, तेव्हा अनावरण. सासूबाई आज दोनदा मला घेऊन गेल्या. मोतीबिंदूनं काही दिसत नाही, ओट्यालाच हात लावून आल्या. "सात वर्सानं लेकाले भेटीन वं नलू."
मंदा शाळेत सांगत सुटलीय, माझे बाबा शनिवारी येणार. दटावलं. मग वाटलं, काय चुकीचं सांगते? हे ७१च्या लढाईत गेले तेव्हा ती पोटात होती. तिच्यासाठी पहिल्यांदाच येताहेत.
जांभळं लुगडं इस्त्रीला दिलं. सासूबाईंचं हिरवं.

१६ डिसेंबर, शनि.
जमेल तेवढं लिहिते.
चौक भरला होता. बँड, शाळांची मुलं, आमच्या शिवणवर्गाच्या मुली. सगळ्या जवानांसाठी दोन मिनिटं शांतता. मग पुतळा समितीच्या अध्यक्षांनी दोरी ओढली. टाळ्या. मी वर पाहिलं.
ते हे नाहीत.
कोणी दुसराच माणूस. रुंद जबडा, जाड ओठ. सोनेरी रंग दिलेला. खाली यांचं नाव, गाव, पलटण, सगळं बरोबर. लोक टाळ्या वाजवून राहिले होते. मीही वाजवल्या. थांबताच येईना.
मग वीरमाता म्हणून सासूबाईंना हाराला वर नेलं. हार घालून त्यांनी दोन्ही हातांनी पुतळ्याचा चेहरा धरला. कपाळ, नाक, कान. पुन्हा कान. शेजारीच भाषणाचा माइक चालू.
"नलू, हा कोन व्हय वं?"
साऱ्या चौकानं ऐकलं. कोणीतरी माइक बंद केला. अध्यक्ष म्हणाले, माउलीला भावना आवरत नाहीत. पुन्हा टाळ्या.
घरी कोणी जेवलं नाही.

१७ डिसें.
हे कुठे लिहावं तर इथेच.
काल पाहिलं तेव्हा मनात दोन गोष्टी आल्या. पहिली, हे नाहीत. लगेच दुसरी, की असतील का?
डोळे मिटून आठवून पाहिलं. आवाज येतो. कोट खुंटीला अडकवतानाची पाठ येते. चेहरा येत नाही. येतो तो कालचा सोनेरी, मध्येच उभा राहतो.
लग्नाचा फोटो काढला. बाशिंगाच्या माळांमागे नाकाचा शेंडा तेवढा. लग्नानंतर दोनदाच रजा मिळाली. आणि दुसऱ्या रजेवर मीच निम्मे दिवस माहेरी, पारशिवनीला.
सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या उजव्या भवईवर खोच होती. लहान होता तवा गोऱ्ह्यानं शिंग मारलं. याच्या भवईले काही नाही. तुले याद हाय ना?"
"हो आत्याबाई."
खरंच आहे का?

२० डिसें., बुध.
शाळेतला शिवणवर्ग आटोपून तशीच सदर भागातल्या समितीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरींनी फाइलमधून फोटो काढला. पुतळ्यासाठी मीच दिलेला: ट्रकपुढे चौघे जवान उभे, चेहरे बोराएवढे. यांनी रजेवर आणला होता तेव्हा बोट ठेवून सांगितलं होतं, हा मी. बाकीच्यांची नावंही सांगितली, माझ्या लक्षात राहिली नाहीत.
"तुम्हीच सांगितलं होतं, उजवीकडून दुसरे."
"पाहणाऱ्याच्या उजवीकडून म्हटलं होतं मी."
ते फोटोकडे बघत राहिले. म्हणजे मूर्तिकाराला त्यांनी जवानांच्या उजवीकडून दुसरा दाखवला होता. फोटो उलटा ठेवला.
"हे पहा वहिनी, आता अनावरण झालं. पेपरात आलं. सैनिकाचा चेहरा सैनिकाचाच असतो ना? आणि तुमच्या सासूबाईंना तर दिसत नाही."
मी म्हटलं, मला दिसतं.
"मग त्या दिवशी टाळ्या काहून वाजवल्या?"
उठून आले. पायऱ्यांवर उत्तर सुचलं, पण परत गेले नाही.

२६ जानेवारी ७९, शुक्र.
चौकात झेंडावंदन. पुतळ्याला हार. मला नारळ दिला.
मंदा रोज शाळेत जाताना पुतळ्यापुढे थांबते, सॅल्यूट ठोकते, "बाबा टाटा" म्हणते. किती वेळा सांगितलं, अगं ते बाबा नाहीत. आज म्हणाली, "मग बाबा कसे होते? काढून दाखव." पाटी पुढे केली.
गोल काढला. पेन्सिल तशीच हातात.
तिनंच मग नाक-डोळे काढले. पुतळ्यासारखेच.

४ फेब्रु., रवि.
सासूबाई ऐकत नाहीत. "म्या आंधळी, तू बाईमानूस, आपलं कोन आयकते? त्याच्या पलटनीतला कोनी बोलाव. त्यानं सांगतलं तर मानतीन."
साताऱ्याकडचे हवालदार शिंदे आठवले. हे गेल्यावर यांची ट्रंक त्यांनीच पाठवली होती, वर दोन ओळींचं सांत्वन. आता पेन्शनीत गावी आहेत. कधी भेट नाही. कार्ड टाकलं: यांचा पुतळा चुकला आहे, यांना पाहिलेलं माणूस हवं, कृपा करून या.
कोणता चेहरा बसलाय ते लिहिलं नाही. मलाच कुठे माहीत.

११ मार्च, रवि.
शिंदे आले. कसं लिहू.
दुपारी मी मिरच्या कुटत होते, भिवापुरी, डोळ्यांना धारा. मंदा अंगणात. बाहेर रिक्षा थांबली आणि पोरगी किंचाळली.
"आई! बाबा आले! बाबा आले!"
बाहेर आले तर ती एका माणसाच्या पायाला मिठी मारून उभी. हातात वळकटी, डोक्याला मफलर. तोच जबडा, तेच ओठ. चौकातला माणूस, जिवंत, दाढीचे खुंट वाढलेला, घामेजलेला.
मी दाराची चौकट धरली. त्या माणसाला काही कळेना. तो मंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होता, "नाय बाळ, मी शिंदेकाका. तुझ्या बाबांचा दोस्त."
मंदा सोडेना. "नाही, तुम्हीच बाबा. चौकात तुमचा पुतळा आहे."
आतून सासूबाई चाचपडत आल्या. लेक आला, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. पदर सुटलेला. त्यांनी शिंद्यांचा चेहरा हातात घेतला. कपाळ, नाक, कान. मग हात खाली गेले आणि त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.
"हाच तो. पुतळ्यातला." मग मला, "पानी दे वं त्याले. उन्हाचा आला."

१२ मार्च, सोम.
शाळेत रजा सांगितली. सकाळी शिंद्यांना घेऊन चौकात.
त्यांनी वर पाहिलं. मग मफलर काढला, स्वतःचा गाल चाचपला. पानठेलेवाला चुना लावता लावता थांबला, एकदा वर पाहतो, एकदा खाली. भाजी घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं पिशवी ठेवून शिंद्यांनाच हात जोडले. ते दचकून मागे सरले.
"वैनी, माझी आई हाय अजून," म्हणाले. "तिला कुणी सांगितलं की नागपुरात तुझ्या पोराला हार घालत्यात, तर?"
ओट्यावर चढून कालचा सुकलेला हार काढला. कुठे ठेवावा कळेना, हातातच धरून उभे. "त्यो गेला तवा मी धा हातांवर हुतो. आन इथं नाव त्याचं आन थोबाड माझं." ओट्यावरच बसून रडले. चौकात, दिवसाढवळ्या, एवढा माणूस.
मला रडू आलं नाही. आत सगळं गार.

मग समितीत. सेक्रेटरी खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. अध्यक्षांना बोलावणं गेलं. खुर्च्या, चहा. बोलणी पुष्कळ झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, नवा पुतळा आता होणे नाही, पण एक करू. खालची पाटी काढू, नुसतं 'अमर जवान' लिहू. मग चेहरा कोणाचाही असला तरी वाद नाही.
म्हणजे चेहरा गेलाच, आता नावही.
शिंदे म्हणाले, "साहेब, मी मेलेलो न्हाई."
अध्यक्ष म्हणाले, "प्रतीक म्हणून घ्या हो."
मी म्हटलं, पाटीला हात लावायचा नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

१३ मार्च
शिंद्यांची गाडी उद्याची. संध्याकाळी पाटवडीचा रस्सा केला. त्यांना तिखट सोसेना, तरी दोनदा मागून घेतला.
सात वर्षं जो येतो तो सांगतो, हे कसे गेले. आज मी विचारलं, कसे दिसायचे?
ते चमकले. भाकरीचा तुकडा हातातच. "तुमी मला इचारता?"
"हो."
तुकडा ताटात ठेवून बोलले. "हसला की डावा डोळा आदी मिटायचा. मग उजवा. आमी चिडवायचो."
सासूबाई म्हणाल्या, "बापाचाही तसाच मिटे."
मला हे ठाऊक नव्हतं. की ठाऊक होतं आणि गेलं?

२५ मार्च, रवि.
तो फोटो घेऊन चितार ओळीत, पुतळा केलेल्या मूर्तिकाराकडे गेले. गणपती-देवी करणारा माणूस. ऐकून कपाळाला हात लावला. "मले जो दाखवला तो मी केला, बाई. या फोटोतून तुमचे मालक नाही निघत, शेजारच्याची सावली पडली हाय तोंडावर. तुम्ही सांगत जा, मी मातीत करून पाहतो. समिती बसवो न बसवो." पैशाचं विचारलं तर हात झटकला.
मी सांगायला बसले. नाक? म्हटलं, सरळ. हनुवटी? म्हटलं, साधी. त्यानं मातीचा गोळा परत ओल्या फडक्यात गुंडाळला.
पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन जाईन.

१ एप्रिल, रवि.
सासूबाई, मी, मंदा. तिला घरी कोणाजवळ ठेवणार.
मूर्तिकारानं ओल्या मातीचं डोकं पाटावर ठेवलं, सासूबाईंचे हात त्यावर नेले. आधी त्या लाजल्या, मग विसरल्या. "इथं दाब. एवढं नाही. कान जवळ घे." भवईवर नखानं स्वतःच खोच पाडली. तो मागून पाणी मारत होता, कोरत होता. डाव्या डोळ्याचं मी सांगितलं, शिंद्यांकडून ऐकलेलं. तो म्हणाला, हसरा पुतळा बसवत नाहीत बाई, पण करतो.
उन्हं उतरायला आली तेव्हा सासूबाईंनी हात काढून घेतले. कोपरापर्यंत माती. "हा हाय," म्हणाल्या. "हाच हाय माहा पोरगा." आणि मातीच्या गालावर गाल टेकून बसल्या.
मूर्तिकार मला म्हणाला, "तुम्ही पाहा बाई. असेच होते ना?"
समोर जाऊन उभी राहिले. एक तरुण माणूस, माझ्याहून लहान. एक डोळा मिटत आलेला. हात पुढे केला आणि मागे घेतला. ओळख पटली म्हणून, की नाही पटली म्हणून, अजून सांगता येत नाही.
ते सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. सासूबाई तर कान देऊन.
मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदानं माझा हात ओढला. मातीकडे बघून हळूच, परक्यांसमोर विचारते तसं विचारलं,
"आई, हे कोण आहेत?"